पुढच्या दारानं गेलेला विस्तव

मटार ढिगानं यायला लागला की भोपाळात थंडी खरी सुरू झाली, असं मी समजते. कॅलेंडर काय म्हणतं त्याच्याशी मला घेणं नाही. अयोध्या नगरच्या आमच्या गल्लीत हातगाडीवाला "मटर, मीठी मटर" ओरडत शिरला की मी गच्चीवर चटई टाकते, पाठीवर ऊन घेते आणि थंडी सरेपर्यंत माझी नखं हिरवी राहतात. यंदा सोलायला नात आहे सोबत. रेवा कॉलेजात शिकते आणि मोबाइलवर प्रेमकथा लिहिते, हप्त्याहप्त्यानं. तिला वाचक आहेत. ती त्यांना ‘माझे लोग’ म्हणते.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सोलता सोलता तिनं विचारलं, "आजी, तू तर ढीगभर लव्ह स्टोरीज वाचल्यात ना? मग सांग, हीरो पहिल्यांदा हिरॉइनचा हात पकडतो, तेव्हा काय लिहू? मी लिहिलंय, तिच्या पूर्ण बदनमध्ये आग लागली."

"बंब बोलाव," मी म्हटलं.

"आजी, सीरियसली! थोडा पॅशन तो चाहिए ना!"

खाली गल्लीच्या तोंडाशी पहारेकऱ्यानं लाकडं पेटवली होती. त्याचा धूर गच्चीवर आला, रेवानं नाक मुरडलं आणि ओढणी तोंडावर घेतली. मी मात्र तो धूर छातीभर ओढून घेतला. माझ्यासाठी त्या वासाला एक नाव आहे, एक गल्ली आहे आणि एक हिवाळा आहे. पॅशन म्हणजे काय हे मला त्या हिवाळ्यात कळलं, पण ते मोबाइलवर लिहिण्याजोगं नाही, निदान रेवाच्या लोकांना ते पसंत पडायचं नाही. तरी सोलता सोलता मी तिला सांगायला लागले.

मी नागपूरहून लग्न होऊन भोपाळला पिपलानीत आले तेव्हा घरात चार माणसं झालो. हे कारखान्यात होते, म्हणून क्वार्टर. सासरे आधीच वारले होते. घर सासूबाईंच्या शब्दानं चालायचं. आणि माझी नणंद शैला, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, बी. ए. होऊन टायपिंग शिकायला सिटी बसनं जवाहर चौकात जायची. मी वाचनवेडी. माहेरहून मी भांडीकुंडी फारशी आणली नाहीत, पण कादंबऱ्यांची ट्रंक आणली. ती वाचून संपल्यावर शैलू मला जवाहर चौकाजवळच्या मराठी वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायला लागली. हळूहळू दुपारचा एक रिवाजच पडला. स्वयंपाकघर आवरलं की आमच्या मागच्या अंगणात उन्हाला क्वार्टरांच्या ओळीतल्या मराठी बायका जमायच्या, मधे मटाराच्या शेंगांचा ढीग, आणि मी मोठ्यानं वाचायची. प्रेमाच्या कादंबऱ्याच. दुसरं काही काढलं तर बायका उठून जायच्या.

त्या कादंबऱ्यांत आग फार असायची. नायकाची नजर पडली की ठिणगी, हाताला हात लागला की निखारा, तो परगावी गेला की वणवा, परत आला की ज्वाला, आणि शेवटच्या प्रकरणात बहुतेक वेळा राख. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजून आवडतं. वाचताना माझा आवाज आपोआप खोल जायचा आणि बायका सोलायच्या थांबायच्या. फक्त सासूबाई थांबायच्या नाहीत. त्या आमच्याकडे पाठ करून गहू निवडत बसायच्या. ‘मी काही ऐकत नाही तुमचं’ असा त्यांचा पवित्रा, पण एखाद्या दिवशी प्रकरण अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच विचारायच्या, "त्या पोट्टीचं काय झालं?" एकदा नायिका सलग तीन पानं जळत होती. सासूबाई न वळता म्हणाल्या, "आग लागो त्या आगीले. हिच्या घरी स्वयंपाक कोण करून राहिलं?" आम्ही इतक्या हसलो की शेंगा सांडल्या.

पण एक दुपार मला वेगळी आठवते. त्या काळात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वरचेवर असायची, स्टोव्हचा भडका, नवविवाहिता भाजली. मी वाचत होते, नायक म्हणत होता, तुझ्यासाठी मी जळून जाईन. तेव्हा शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "म्हणतो हा, आणि जळते ती." त्यावर कुणी हसलं नाही. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले, पण आवाज काही खोल जाईना.

आता गंमत अशी की, पुस्तकाबाहेरची आग आमच्या हाताशीच होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आमच्या क्वार्टरांच्या ओळी पाठीला पाठ लावून होत्या. मधे अरुंद गल्ली, अलीकडे आमची मागची दारं, पलीकडे समोरच्यांची. गॅस अजून सगळ्यांकडे आलेला नव्हता. सकाळी दोन्ही बाजूंच्या अंगणांत बादलीच्या शेगड्या पेटायच्या. दगडी कोळसा काही लवकर धरत नाही, म्हणून ज्याची शेगडी आधी पेटेल त्याच्याकडून विस्तव मागून आणायचा. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. लोखंडी पळी घेऊन बायका या दारातून त्या दारात जायच्या. मराठी घरातला विस्तव बिहारी घरात, तिथला पंजाबी घरात. आणि सगळ्या गल्लीत धूर असा कोंदायचा की समोरचं माणूस ओळखू येऊ नये. सासूबाईंना दमा होता. त्या धुरात त्यांचा जीव घुसमटायचा, पण खिडकी लावून घेण्यापलीकडे इलाज नव्हता.

शैलूचं समोरच्या दिनेशवर मन आहे हे तिनं मला त्याच हिवाळ्यात सांगितलं. दिनेश सागर जिल्ह्याकडचा, कारखान्यातच नव्यानं लागलेला, घरात तो आणि त्याची आई. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची. मी हरखून गेले. आमच्या घरात, माझ्या नाकासमोर, एक अख्खी कादंबरी! मी तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुला कळलं कधी? बसमध्ये?" मला वाटलं आता नजर येणार, मग ठिणगी येणार.

शैलू म्हणाली, "वहिनी, वारा आपल्याकडे असला की दिनेश त्याची शेगडी उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेतो. आपल्या आईला धूर नको म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? रोज करतो. कोणी सांगितलेलं नाही त्याला."

मी एवढ्या कादंबऱ्या पचवलेली बाई. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. तो दारात आला, तोंडानं वाफ सोडली, वाफ कुठे जाते ते पाहिलं, आणि धुमसणारी शेगडी दोन्ही हातांनी कडीला धरून पलीकडे घेऊन गेला. धूर त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत गेला. ओरडा नाही, गाणं नाही, इकडे वळून पाहणंही नाही. मी खिडकीची फट लावली, पण मग रोज सकाळी मला ते पाहायची सवयच लागली.

घरात मात्र नागपूरचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. संक्रांत झाली की मंडळी शैलूला पाहायला यायची होती. ह्यांना विचारावं तर, "आई म्हणेल तसं." आणि आईचं म्हणणं होतं, "आपल्यात काय पोरं नाही राहिली?" शैलूनं अजून आईशी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणायची, आधी तिकडून विचारणं येऊ दे, मग बोलते. ते विचारणं कसं येणार, हेही तिला ठाऊक होतं. दिनेशनं सांगितलं होतं. अम्मांच्या माहेरी एक रीत होती. मुलाच्या आईनं मुलीच्या घरी विस्तव मागायला जायचं. दिला तर समजायचं, दोन चुली एक करायला हरकत नाही. नाही दिला तर लाडवाची वाटी ठेवून परत फिरायचं. शब्दानं काही मागितलेलंच नसतं, त्यामुळे शब्दानं नकारही नसतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं पुन्हा पूर्वीसारखी बोलू शकतात. मला ती रीत फार शहाणी वाटली. आमच्याकडे नकार आला की सात पिढ्या तोंड फिरवून बसतात.

आणि अम्मा आल्या त्या नेमक्या किंक्रांतीला.

संक्रांतीचा दुसरा दिवस. आमच्याकडे त्याला कर म्हणतात. करीच्या दिवशी शुभ काम काढायचं नाही, आणि सासूबाईंच्या माहेरच्या शिस्तीप्रमाणे घरातला विस्तव त्या दिवशी बाहेर द्यायचा नाही. घराचं चांगलं त्याच्याबरोबर निघून जातं म्हणे. अम्मांच्या हिशेबात मात्र कालचा सण झाला, आजचा दिवस मोकळा. त्या धुतलेली साडी नेसून, शाल घेऊन आल्या, एका हातात तिळाच्या लाडवांची वाटी, दुसऱ्या हातात पळी. मी आणि शैलू नळावर चादरी पिळत होतो. पाण्याच्या आवाजात आम्हाला त्यांची चाहूल लागली नाही. आम्ही वळलो तेव्हा त्या दाराशी उभ्या होत्या.

"बाईजी, तनक आगी मिल जाती."

"आज नहीं देते," सासूबाई म्हणाल्या. "आज नहीं दे सकते."

अम्मांनी मान हलवली. "कोई बात नहीं." त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, रिकामी पळी पदराखाली घेतली आणि गल्ली ओलांडून गेल्या. त्यांचं मागचं दार हिवाळाभर दिवसा कधी बंद नसायचं. ते लागलं.

शैलूनं हातातली चादर पिळून दोरीवर टाकली. मग आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, तू विस्तव नाही दिलास?"

"कर आहे आज. तुले माहीत नाही काय?"

"मला माहीत आहे. त्यांना नाही माहीत."

"मग? तिकडे त्यांची शेगडी तर चांगली पेटून राहिली. विस्तव कायले पाहिजे होता त्यांना?"

"त्या विस्तव मागायला नव्हत्या आल्या, आई. मला मागायला आल्या होत्या."

मग तिनं सगळं सांगितलं, अम्मांच्या माहेरची रीत, दिनेश, नागपूरच्या मंडळींसमोर बसायची तिची तयारी नाही ते. मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या नायिका आठवत होते. त्यांनी या ठिकाणी हंबरडा फोडला असता, केस मोकळे सोडले असते, पाठीमागे वीज कडाडली असती. शैलू लहान मुलाला गणित समजावून सांगावं तशी बोलली. आवाज चढला नाही आणि एकही शब्द मागे घेतला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी ते चादरीच्या टोकाला पुसलं.

सासूबाईंनी पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आज कर आहे. आज या घरातून काही जाणार नाही."

"आणि उद्या?"

"मागितला तो आजचा विस्तव. नवा पेटवून द्यायचा नसते. आजचाच उद्या सकाळपर्यंत राहिला, तर पाहू."

मी शैलूला म्हटलं, "मी पटकन जाऊन अम्मांना सांगून येते, करीमुळे नाही दिला म्हणून." ती म्हणाली, "नको वहिनी. नुसतं सांगून काय? देऊ दे तिला. आईच देईल."

हे तिनं कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही. विस्तव पेटवणं सगळ्यांना येतं, टिकवणं हे काम वेगळं आहे. भडकू द्यायचा नाही, कारण भडकला की संपला. उघडा टाकायचा नाही. संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर शैलूनं शेगडीतले निखारे एका बाजूला ओढले, मधोमध एक गोवरी पुरली आणि वरून राखेचं पांघरूण घातलं. पार दिसेनासा झाला विस्तव. हात लावला तर वरची राख गार. मी वाचलेल्या एकाही कादंबरीत प्रेम असं नव्हतं. तिथे ते दुरून दिसायचं, साऱ्या गावाला दिसायचं. हे तर दोन हातांवर बसूनही दिसत नव्हतं, आणि तरी आमच्या घराचा सगळा जीव त्या बादलीत होता. आम्ही शेगडी रोजच्यासारखी अंगणात ठेवली आणि दार लावलं.

सकाळी उठून पाहते तर अंगण ओलंचिंब. रात्री मावठ्याचा पाऊस पडून गेला होता, आणि आम्हा दोघींना पत्ताही लागला नव्हता. शैलू माझ्या मागोमाग धावत आली. अंगणात शेगडी नव्हती. तिच्या जागी जमिनीवर गोल कोरडा डागसुद्धा नव्हता, म्हणजे पाऊस यायच्या आधीच कुणीतरी ती उचलली होती.

"वहिनी, तुम्ही आत घेतली?"

"मी नाही ग. तू?"

शेगडी स्वयंपाकघरात होती, दाराच्या आतल्या कोपऱ्यात, वर लोखंडी घमेलं पालथं घातलेलं, हवेपुरती फट ठेवून. शेजारी पाटावर सासूबाई, अंगावर शाल, हातात चिमटा. त्यांनी घमेलं बाजूला केलं आणि चिमट्यानं राख सारली. आत लालबुंद विस्तव होता, डाळिंब फोडल्यासारखा. शैलूनं गोवरी पुरली होती एक. राखेत खुणा दोन गोवऱ्यांच्या होत्या.

"एका गोवरीनं राहते होय या थंडीत?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या घरचा विस्तव विझला असता म्हणजे?"

शैलू आईशेजारी बसली. एवढा वेळ न रडलेली ती, आता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग जणू चुलीशी बोलावं तसं म्हणाल्या, "रोज सकाळी शेगडी उचलून तिकडे नेते तो. धूर डोळ्यांत घेते. तुम्हालेच दिसते काय?"

गच्चीवर एवढं ऐकून रेवा सोलायची थांबली होती. "वेट, ही आपली शैलाआजी? तीनवाली गली की?"

"तीच. जी रोज सकाळी तुला रागावते. आणि दिनेशआजोबांशी त्याहून जास्त भांडते."

"बट दे आर सो बोरिंग, आजी!"

मी हसले. खरं आहे तिचं. दिनेश अजून गल्लीत शेकोटी पेटली की आधी वारा कुठला ते पाहतो आणि मगच शैलूची खुर्ची ठेवतो. शैलू त्याला म्हणते, "कित्ती वेळ लावता हो!" यात गोष्ट लिहिण्यासारखं काय आहे? रेवानं तिच्या नायिकेच्या अंगातली आग तशीच ठेवली. माझे लोग नाराज होतील, म्हणाली. मीही आग्रह केला नाही. तिच्या वयात मला त्या तीन पानांच्या ज्वाळाच हव्या होत्या, आणि कुणी काढून घेतल्या असत्या तर मी भांडले असते.

पण तिला एक सांगायचं राहिलं, ते इथे सांगते. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या, मी वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची त्यांनी थट्टा केली, आणि मी वाचलेल्या सगळ्या नायिकांपेक्षा मला त्यांचा तोरा जास्त आठवतो. त्या सकाळी त्यांनी घरातली सगळ्यात मोठी पळी काढली. चिमट्यानं एक एक निखारा निवडून त्यात ठेवला, वर चिमूटभर राख भुरभुरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. शैलूनं पळी हातात घेतली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली. गल्ली ओलांडली की समोर अम्मांचं दार. पाच पावलांचं काम.

"तिकून नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या दारानं चल."

पुढच्या दारानं विस्तव कुणी नेत नसे. पुढच्या दारानं जायचं म्हणजे सगळी ओळ चालून, वळसा घालून, समोरच्या ओळीतल्या सगळ्या दारांवरून जायचं. सासूबाईंनी पायात चपला घातल्या. लाडवाची वाटी तिळगुळानं भरून मला धरायला दिली. पुढे शैलू, दोन्ही हातांत पळी, मधे सासूबाई, मागे मी. पाऊस पडून गेलेली थंडी होती आणि वारा समोरून होता. सासूबाई मधेच पुढे झाल्या आणि शालीचा पदर पसरून वारा स्वतःच्या अंगावर घेत चालायला लागल्या. छातीतून शीळ वाजत होती त्यांच्या, पण पाऊल थांबलं नाही. दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या.

जोशीकाकूंनी ओट्यावरून विचारलं, "अहो, सकाळी सकाळी हे काय घेऊन निघालात?"

सासूबाईंनी मान वर केली. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लेकीच्या घरी विस्तव पोचवून येते."